‘स्मृतिचित्रे’तील काळजी : मराठी ख्रिस्ती आत्मनिवेदनातील अंतःसंघर्षाचा विचार

मराठी आत्मचरित्राच्या इतिहासात लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाचे स्थान वादातीत आहे. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथातील निर्मळ विनोद, निवेदनाचा निष्कपटपणा आणि बोलभाषेची सहजता यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु हे एका ख्रिस्ती स्त्रीचे आत्मनिवेदन आहे, या गोष्टीचा केवळ निर्देश करून पुढे जाण्याची रीत मराठी समीक्षेत पडून गेली आहे. धर्मांतर हा या ग्रंथातील एक ‘प्रसंग’ मानला जातो. पती अचानक परधर्मात गेल्यामुळे संसारावर कोसळलेले संकट, एवढेच त्याचे कथेतील कार्य समजले जाते. लक्ष्मीबाईंच्या मनाला पुढे जे स्थैर्य लाभले त्याचे श्रेय त्यांच्या उपजत विनोदी स्वभावाला दिले जाते, आणि श्रद्धेचा प्रश्न तेथेच मिटतो.

याच्या उलट, मिशनच्या वर्तुळातील वाचकाने या ग्रंथाकडे ‘साक्ष’ म्हणून पाहिले. त्या दृष्टीला ग्रंथाचा सारा पूर्वार्ध अंधाराचा आणि उत्तरार्ध प्रकाशाचा वाटतो. या दोन्ही वाचनांत एक दोष समान आहे. चिंतेने पोखरलेल्या मनाला श्रद्धेचे साहाय्य नेमके कोणत्या मार्गाने मिळाले, हा प्रश्न दोघेही विचारीत नाहीत. पहिल्याला तो अप्रस्तुत वाटतो आणि दुसऱ्याला त्याचे उत्तर आधीच ठाऊक असते. वास्तविक ‘स्मृतिचित्रे’ची वाङ्मयीन थोरवीच या प्रश्नाच्या उत्तराशी निगडित आहे. ती कशी, हे पाहण्यासाठी प्रथम मराठी ख्रिस्ती आत्मनिवेदनाच्या परंपरेकडे वळावे लागते.

‘साक्ष’ हा शब्द न्यायालयातला. प्रॉटेस्टंट मिशनांच्या द्वारे तो मराठीत धार्मिक अर्थाने रूढ झाला, आणि त्याच्याबरोबर एक निवेदनप्रकारही आला. साक्षीदाराने आपण पाहिलेली घटना सांगावयाची असते. तेव्हा साक्षीला घटना लागते, आणि घटनेला दिवस व वेळ लागते. संत ऑगस्टीनच्या आत्मनिवेदनात ही घटना ३८६ साली मिलान येथील एका बागेत घडते. जॉन बन्यनच्या रूपकात यात्रेकरूच्या पाठीवरचे ओझे क्रुसापाशी येताच गळून पडते. बन्यनचे हे रूपक हरी केशवजी यांनी ‘यात्रिकक्रमण’ या नावाने मराठीत आणले ते १८४१ साली, म्हणजे मराठीत स्वतंत्र कादंबरी जन्माला येण्यापूर्वी. पाठीवरून एकदाच गळून पडणारे ओझे ही प्रतिमा मराठी ख्रिस्ती लेखकांच्या पहिल्या पिढीपुढे अशा रीतीने आरंभापासूनच होती. तिच्यात एक गृहीत दडलेले आहे. मनाची व्यथा हे ओझे आहे, ते मनाहून वेगळे आहे, आणि योग्य स्थळी पोहोचताच ते मनाला सोडून जाते, हे ते गृहीत होय.

विल्यम जेम्स याने एडिंबरो येथे १९०१-०२ मध्ये दिलेल्या आणि १९०२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या धर्मानुभवावरील व्याख्यानांत या गृहीताला मानसशास्त्रीय भाषा दिली. ‘रुग्ण आत्मा’ आणि ‘विभागलेले स्वत्व’ या त्याच्या संज्ञा सुप्रसिद्ध आहेत. मन दुभंगते, दोन इच्छा परस्परांशी झुंजतात, आणि पुढे ते पुन्हा सांधले जाते. हे सांधणे कधी आकस्मिक असते, कधी मंद. जेम्सने दोन्ही प्रकार मान्य केले, तरी त्याची लेखणी आकस्मिक परिवर्तनाच्या वर्णनात अधिक रमते, हे त्याच्या वाचकांच्या ध्यानात येतेच. त्याने आधारासाठी घेतलेली निवेदने प्रामुख्याने पाश्चात्त्य प्रॉटेस्टंट जगातील आहेत. तेथील माणूस धर्म बदलताना घर, ताट, पाणवठा आणि नातेसंबंध गमावीत नाही. मराठी धर्मांतरिताला हे सारे गमवावे लागले. त्यामुळे जेम्सच्या संज्ञा मराठी ग्रंथांना जशाच्या तशा लावण्याचा मोह अभ्यासकाने आवरलेला बरा.

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचे ‘अरुणोदय’ हे १८८८ साली प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र या दृष्टीने आधी पाहिले पाहिजे. बेळगावच्या कासार कुटुंबातील, मिशनच्या शाळेत शिकलेला, मुंबईत परमहंस सभेच्या गुप्त मंडळात वावरलेला हा तरुण १८५४ साली बाप्तिस्मा घेतो. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या पहिल्या मराठी कादंबरीचा कर्ता म्हणून त्यांचे नाव विद्यार्थ्यांना परिचित असते. परंतु गद्यलेखक म्हणून त्यांची खरी कसोटी ‘अरुणोदया’त लागते. तेथील अंतःसंघर्ष मुख्यतः वादाचा आहे. कोणता धर्म खरा, मूर्तिपूजा युक्त की अयुक्त, सत्य पटल्यावर ते उघड न करणे पाप की विवेक, असे प्रश्न लेखक स्वतःला घालतो आणि त्यांची उत्तरे पुस्तकांत, चर्चांत, मित्रांच्या सहवासात शोधतो. बुद्धीला पटलेले आचरणात आणण्याचे धैर्य न होणे, हीच त्याची मुख्य व्यथा आहे. आईबापांचे दुःख डोळ्यांपुढे उभे राहिले की निश्चय ढळतो, आणि निश्चय ढळला की मन स्वतःला खाऊ लागते.

‘अरुणोदय’ हे नाव मात्र या वादपद्धतीपेक्षा अधिक सूक्ष्म आहे. अरुणोदयाचा क्षण दाखविता येत नाही. अंधार केव्हा संपला हे कोणालाच निश्चयाने सांगता येत नाही. बाबांना आपल्या अनुभवाचे स्वरूप क्रमिक होते हे उमजले होते, याची साक्ष त्यांनी निवडलेले नावच देते. निवेदन मात्र त्या नावाला पुरते जागत नाही. बाप्तिस्म्यानंतरच्या मनाविषयी या ग्रंथातून फार थोडे हाती लागते. जणू त्या दिवसानंतर मन हा विषयच संपला आणि कार्य तेवढे उरले.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे आत्मनिवेदन नेमके याच ठिकाणी महत्त्वाचे ठरते. १९०७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेली त्यांची ‘साक्ष’ मराठी वाङ्मयाच्या कक्षेत काटेकोरपणे येत नाही. परंतु तिच्यातील अनुभव ज्या जीवनातून आला ते जीवन या भूमीचे असल्याने तिला वगळता येत नाही. १८७४ च्या सुमारास अन्नान्न दशेत आईबापांचा आणि त्यांच्या पाठोपाठ बहिणीचा मृत्यू, पुढे भाऊ आणि पती यांचा वियोग, आणि मग तान्ह्या मुलीसह इंग्लंडचा प्रवास, अशा परंपरेनंतर २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. साक्षीच्या रूढ संकेताप्रमाणे येथे कथा संपावयास हवी होती. रमाबाई मात्र निःसंकोचपणे सांगतात की, त्या दिवशी आपल्याला धर्म मिळाला, पण ज्याच्या नावाचा तो धर्म आहे तो भेटला नाही. बुद्धीचे समाधान झाले होते; अंतःकरण रितेच होते. या रितेपणाची जाणीव होऊन तो भरून निघण्यास पुढे सुमारे आठ वर्षे लागली. या मधल्या काळात त्यांनी अमेरिकेत दौरा केला, १८८९ साली मुंबईत शारदासदन उघडले, पुण्यातील वादळाला तोंड देण्याची तयारी केली. बाहेरून पाहणाऱ्याला या स्त्रीच्या मनात काही उणे आहे असे वाटण्याचे कारणच नव्हते.

रमाबाईंच्या या कबुलीचे मोल मोठे आहे. धर्मस्वीकार आणि मनःशांती या दोन घटना एकाच दिवशी घडल्याच पाहिजेत, हा साक्षीच्या प्रकाराने घालून दिलेला दंडक त्यांनी मोडला. तरीही त्यांनी साक्षीचा साचा टाकून दिला नाही. एका घटनेच्या जागी दोन घटना आणल्या एवढेच. दुसऱ्या घटनेनंतर पुन्हा शांती निश्चित आणि अढळ होते. केडगावच्या मुक्तिसदनातील त्यांचे अफाट कार्य पाहता या अढळपणावर शंका घेणे कठीण आहे. परंतु वाङ्मय म्हणून पाहिले तर निवेदनाचा शेवटचा भाग स्तोत्राकडे झुकतो आणि त्यातील व्यक्ती विरळ होत जाते, हे मान्य करावेच लागेल.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्याकडे येताच भूमी बदलते. टिळकांनी आपल्या अंतःसंघर्षाला गद्यापेक्षा पद्याचे, आणि पद्यातही अभंगाचे रूप दिले. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका अपरिचित युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला. वाचता वाचता डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले आणि ते प्रवचन त्यांना सोडवेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ही हकिकत सर्वश्रुत आहे, आणि तिला साक्षीचा आकार देणे अगदी सोपे होते. टिळकांची कविता मात्र या आकारात मावली नाही. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, या आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. ते नम्रतेचे किंवा देशाभिमानाचे उद्गार म्हणून नेहमी उद्धृत होतात. त्यांत एक वाङ्मयीन वस्तुस्थितीही सांगितली आहे, तिकडे मात्र दुर्लक्ष होते.

ती वस्तुस्थिती अशी. मनाच्या अस्वस्थतेसाठी मराठीला वारकरी कवितेने शब्दांचे केवढे तरी भांडार दिले आहे. तळमळ, तगमग, कासाविशी, शीण, विसावा, माहेर या शब्दांच्या मागे शतकांचा अनुभव आहे. या शब्दांना जो अभंग वाहून नेतो, त्याच्या रचनेतच आवर्तन आहे. वारकऱ्याची तळमळ एकदा विठ्ठलदर्शन झाले म्हणून कायमची शमत नाही. तो पुढच्या आषाढीला पुन्हा निघतो. समाधान लाभते, हरवते, पुन्हा मागावे लागते. तुकारामाच्या गाथेत प्रसन्नतेचा अभंग वाचून पान उलटावे, तो पुढे व्याकुळतेचा अभंग असतो, आणि कोणता आधीचा हे निश्चित करण्याचा अभ्यासकांचा खटाटोप बव्हंशी व्यर्थच जातो. ‘अभंगांजली’मध्ये टिळकांनी ख्रिस्ताला आई म्हणून हाक मारली, त्याच्यावर रुसवा धरला, दूर गेल्याबद्दल त्याला बोल लावला. हे सारे त्यांना अभंगाने शिकविले. बाप्तिस्म्याला वीस वर्षे उलटल्यानंतरही या कवीची तळमळ संपलेली नव्हती. १९१७ साली मिशनची वेतनाची नोकरी सोडून संन्यस्त वृत्तीने त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला, तो याच तळमळीतून. पाश्चात्त्य साक्षीचा नायक पैलतीरी पोहोचलेला असतो. टिळकांच्या कवितेतला भक्त वाटेवरच असतो, आणि वाट हेच त्याचे सुख असते.

एवढी पूर्वपीठिका ध्यानात घेतली म्हणजे ‘स्मृतिचित्रे’चे वेगळेपण स्पष्ट होऊ लागते. लक्ष्मीबाईंच्या (१८६८–१९३६) बालपणाचे चित्रण हे मराठी गद्यातील चिंताग्रस्त मनाचे एक अत्यंत विलक्षण चित्रण आहे, आणि ती चिंता त्यांची नसून त्यांच्या वडिलांची आहे. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली. त्या धक्क्याने वडिलांच्या मनात विटाळाची जी भीती बसली ती पुढे आयुष्यभर गेली नाही. सोवळ्याचे वेड वाढत वाढत घरात येणारी प्रत्येक वस्तू, अगदी मिठासारखी पाण्यात न टिकणारी वस्तूसुद्धा, धुऊन घेण्यापर्यंत गेले. अशा वेडाला मराठीत मंत्रचळ असा अर्थपूर्ण शब्द आहे. आधुनिक मनोविकारशास्त्र त्याला आपले नाव देईल. पण ग्रंथातील माणसाला रोग्याच्या खाटेवर निजविणे हे समीक्षेचे काम नव्हे. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे की, या भीतीने निवडलेला विषय सर्वस्वी धार्मिक होता. जी शुद्धी मनाला आधार द्यावयाची, तीच मनाला छळणारी झाली. आणि त्या छळाचा भार उचलला तो घरातील स्त्रीने. धुणे, पाणी ओढणे, पुन्हा धुणे हे सारे लक्ष्मीबाईंच्या आईच्या वाट्याला आले. लक्ष्मीबाई हे सर्व इतक्या हसतमुखाने सांगतात की वाचक आधी हसतो, आणि आपण कशाला हसलो हे त्याला मागाहून उमगते.

अकराव्या वर्षाच्या सुमारास लग्न झाल्यावर चिंतेचे दुसरे घर सुरू झाले. टिळक प्रेमळ, प्रतिभावंत आणि शीघ्रकोपी. न सांगता घर सोडून जाणारे. हातातील पैसा समोरच्या गरजवंताला देऊन मोकळे होणारे. ज्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना जिंकले त्यात आकाशातील पाखरांचा आणि रानातील फुलांचा दाखला देऊन अन्नवस्त्राची चिंता वाहू नये असा उपदेश आहे. ‘फुलांमुलांचा कवी’ म्हणून महाराष्ट्राने ओळखलेल्या या पुरुषाच्या मनात तो किती खोल रुजला असेल याची कल्पना करता येते. टिळकांनी तो अक्षरशः आचरला. पण पाखरांना संसार नसतो! नवऱ्याने उद्याची चिंता ईश्वरावर सोपविली, तेव्हा ती प्रत्यक्षात बायकोकडे आली. ‘स्मृतिचित्रे’तील कितीतरी विनोदी प्रसंगांचे मूळ या एकाच व्यवहारात आहे. श्रद्धेने मनुष्य निश्चिंत होतो असे ठरीव साक्ष सांगते. ती निश्चिंती घरातील दुसऱ्या कोणाच्या खर्चाने आली, हे सांगणारा ग्रंथ मराठीत हाच. आणि तो सांगणारी स्वतः श्रद्धाहीन नाही, हे विशेष.

टिळकांच्या धर्मांतराची वार्ता आली तेव्हा लक्ष्मीबाईंच्या मनाची झालेली दशा वाचताना विनोदाचा आधार क्षणभर सुटतो. पती जिवंत असून वैधव्यापेक्षा विचित्र स्थिती ओढवलेली, पदरी लहान मुलगा, आणि भोवती सहानुभूती व टोमणे यांचा एकच गलका. नातलगांच्या आश्रयाने काढलेल्या या काळात त्यांचा मुक्काम पंढरपुरासही होता. याच काळात दुःखाच्या आवेगात त्यांच्या तोंडून पद्यरचना होऊ लागली. अक्षरओळखीपुरते शिक्षण, आणि तेही पतीनेच दिलेले, असलेल्या या स्त्रीला व्यथेने कवयित्री केले असे म्हणणे सोपे आहे. अधिक खरे असे की, व्यथेला बाहेर वाट काढून देण्याचे साधन म्हणून पद्य तिच्या आसपास सर्वत्र उपलब्ध होते. ओवी, अभंग, आर्या हे घरातले सामान होते.

पुढे पुत्रासह त्या अहमदनगरला आल्या आणि काही काळाने पतीबरोबर राहू लागल्या, तरी ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्यांनी आपले सोवळे, आपली चूल, आपले पाणी वेगळे ठेवले. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर सुमारे पाच वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या मधल्या काळातील ज्या परिवर्तनाला त्यांनी सर्वांत अधिक महत्त्व दिले आहे ते ख्रिस्तविषयक नाहीच. ते जातिविषयक आहे. एकान्तात विचार करता करता त्यांना प्रश्न पडतो की, हे भेद ईश्वराने केले की माणसाने. ईश्वराने केले असते तर पशुपक्ष्यांच्या जातींप्रमाणे माणसाच्या अंगावरही त्याची खूण दिसली असती. उत्तर मिळताच त्या कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय करतात. ख्रिस्तावरील श्रद्धा त्यानंतर येते.

या क्रमाचा अर्थ नीट लावला पाहिजे. ज्या भीतीने वडिलांचे आयुष्य ग्रासले आणि आईला राबविले, ती विटाळाची भीती लेकीच्या मनातून एका निश्चयाने गळून पडली. बन्यनच्या यात्रेकरूचे ओझे जर ‘स्मृतिचित्रे’त कोठे गळून पडत असेल, तर ते येथे, आणि येथे क्रूस समोर नाही, पाण्याचा तांब्या आहे. मिशनच्या वाचकाला हे अपुरे वाटेल, आणि लौकिक समीक्षकाला यात केवळ सामाजिक सुधारणा दिसेल. परंतु लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. शुद्धाशुद्धतेचा हिशोब ठेवणारा, चुकीबद्दल दंड करणारा ईश्वर मनातून गेल्यावाचून प्रेमळ ईश्वराला तेथे जागाच नव्हती. बाबा पदमनजींनी ईश्वराच्या सत्यतेविषयी वाद केला. लक्ष्मीबाईंनी वाद केला तो त्याच्या स्वभावाविषयी, आणि तोही स्वतःशी.

लक्ष्मीबाईंनी पतीच्या पावलावर पाऊल ठेवले, त्यांचे धर्मांतर हा पातिव्रत्याचाच एक प्रकार होय, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ग्रंथाच्या १९५० साली प्रसिद्ध झालेल्या जोसेफीन इंकस्टर यांच्या इंग्रजी अनुवादाच्या नावानेही या समजाला बळ दिले असावे. ‘आय फॉलो आफ्टर’ या नावाचा सरळ अर्थ मागून जाणारी, अनुगामिनी, असा होतो. मात्र हेच शब्द इंग्रजी बायबलात पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात येतात, आणि तेथे त्यांचा अर्थ ध्येयाच्या मागे धावणे, अजून न गवसलेल्याचा पाठलाग करणे असा आहे. नावातील ही द्व्यर्थता ग्रंथाला शोभणारीच आहे. आक्षेपाचे उत्तर मात्र नावात शोधण्याचे कारण नाही. ते कालानुक्रमात आहे. अनुगमनच करावयाचे असते तर पाच वर्षे चूल वेगळी ठेवण्याचे प्रयोजन उरत नाही.

बाप्तिस्म्यानंतरच्या भागात ‘स्मृतिचित्रे’चे खरे सामर्थ्य प्रकट होते, कारण साक्षीचा प्रकार जेथे मुका होतो तेथे लक्ष्मीबाई बोलतच राहतात. टिळकांचा राग गेलेला नाही. पैशाची ओढाताण गेलेली नाही. घरात पाहुणे, आश्रित, दुष्काळाने आणि प्लेगने निराधार झालेली मुले यांची ये-जा चालूच आहे. श्रद्धेने यांतील एकही अडचण दूर केलेली नाही, आणि केली असा आवही लेखिका आणीत नाही. मग श्रद्धेने केले तरी काय?

याचे उत्तर मराठीतील एका साध्या शब्दाच्या आधारे शोधता येते. ‘चिंता’ या संस्कृत शब्दाला मराठीत ‘काळजी’ हा प्रतिशब्द आहे. पण तो नुसता प्रतिशब्द नाही. काळजी करणे आणि काळजी घेणे या दोन क्रिया मराठी माणूस एकाच नामाने व्यक्त करतो. पहिलीत मन स्वतःभोवती फिरत राहते, दुसरीत ते दुसऱ्याकडे जाते. परंतु कळकळीचे द्रव्य दोन्हींत एकच. लक्ष्मीबाईंच्या जीवनात श्रद्धेचे साहाय्य या द्रव्याला नाहीसे करण्याच्या रूपाने आलेले दिसत नाही. ते त्याची क्रिया बदलण्याच्या रूपाने आले. उद्याचे काय होईल या विचाराने जी स्त्री पूर्वी रात्री जागत असे, तीच पुढे परक्याच्या आजारी मुलाशेजारी जागते. जागरण सुटले नाही. वडिलांच्या घरी पाणी हे भीतीचे साधन होते, ते शुद्धीसाठी वाया जाई. आता तेच पाणी तापलेल्या कपाळावरच्या घडीसाठी आणि तहानेल्याच्या ओठांसाठी आहे. टिळकांच्या निश्चिंतीला वाट्याला आलेली उंची येथे नाही. त्या उंचीवर पायाखालच्या माणसांचा जो विसर पडतो, तोही नाही.

याच जागी विनोदाचा विचार केला पाहिजे. लक्ष्मीबाईंचा विनोद हा त्यांच्या श्रद्धेहून निराळा, स्वभावदत्त गुण होता असे मानण्याची गरज नाही. स्वभाव होताच; परंतु वडिलांचे वेड, सासऱ्यांचा जाच, पतीचे प्रमाद आणि स्वतःची फजिती या चारींकडे एकाच ममतेने पाहण्यासाठी स्वभाव पुरत नाही. कोणाचाही हिशोब चुकता करण्याची इच्छा मनात उरलेली नाही, अशा दृष्टीतून हा विनोद आलेला आहे. ख्रिस्ती धर्मशास्त्रात क्षमा नावाची जी गोष्ट आहे तिचे वाङ्मयीन रूप शोधावयाचे झाले तर ते ‘स्मृतिचित्रे’च्या शैलीत सापडते, तिच्यातील धर्मविषयक विधानांत नव्हे. ती विधाने ग्रंथात संख्येने थोडी आणि स्वराने साधीच आहेत. या थोडेपणामुळेच श्रद्धा गौण मानण्याचा मोह लौकिक समीक्षकाला झाला असावा. मीठ वेगळे दिसत नाही म्हणून अन्न अळणी ठरविण्यासारखेच हे झाले.

या विवेचनाला एक मर्यादा घालून घेणे अवश्य आहे. टिळकांच्या चरित्राच्या निमित्ताने पुत्र देवदत्त यांच्या आग्रहावरून लक्ष्मीबाईंनी आठवणी सांगावयास आरंभ केला, तेव्हा त्यांच्या बाप्तिस्म्याला तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. १८९५ सालचे दुःख १९३४ सालच्या शांत मनाने सांगितले आहे. त्या दुःखाचा मूळ स्वर आज कोणाच्याही हाती लागणार नाही. ‘अरुणोदय’ तर घटनेनंतर चौतीस वर्षांनी आणि रमाबाईंची साक्ष चोवीस वर्षांनी प्रसिद्ध झाली. तिन्ही लेखक मागे वळून पाहणारे आहेत. केवळ टिळकांच्या अभंगांत व्यथा आणि तिचा उच्चार यांच्यामधील अंतर कमी असण्याचा संभव आहे. म्हणून ‘स्मृतिचित्रे’चा अभ्यास ‘अभंगांजली’सह व्हावयास हवा. पतीच्या ओळीतील व्याकुळता आणि त्याच काळाविषयीची पत्नीची मिस्कील आठवण शेजारी ठेवून वाचली, म्हणजे एकाच घरात एकाच श्रद्धेने दोन मनांना किती निरनिराळ्या रीतीने आधार दिला हे कळते. ‘ख्रिस्तायन’ हे टिळकांनी अपुरे ठेवलेले काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९३८ साली ते प्रसिद्ध झाले. त्यात दोघांचे हात एकाच कृतीत भेटतात, पण तेथे विषय ख्रिस्तचरित्राचा असल्याने दोघांची मने मात्र तितकीशी दिसत नाहीत.

चौथ्या भागाविषयी शेवटी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. लक्ष्मीबाईंचे २४ फेब्रुवारी १९३६ रोजी निधन झाले तेव्हा तो भाग अपुरा होता, आणि त्याची पूर्तता देवदत्त यांनी केली. टिळकांच्या मृत्यूनंतरची एकाकी वर्षे, म्हणजे श्रद्धेची कसोटी पाहणारा सर्वांत कठीण काळ, वाचकाला जेथे आईच्या शब्दांत वाचावयास हवा होता तेथे तो अंशतः पुत्राच्या शब्दांत मिळतो. पुत्राची लेखणी आदरयुक्त आणि संयत आहे. परंतु आदराने लिहिणारा माणूस स्वतःच्या आईची फजिती सांगत नाही, आणि लक्ष्मीबाईंच्या निवेदनात तर फजितीच्या वाटेनेच सत्य आत येत असे. पहिल्या तीन भागांवरून काढलेले निष्कर्ष या शेवटच्या पानांना लावताना दोन हातांतील ही सीमा संशोधकाने प्रत्येक वेळी निश्चित करून घ्यावी लागेल.